सर्दी नव्हे, मेंदूभोवतीचं पाणी

आरोग्य : तुमचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून येणाऱ्या पाण्याबद्दल पाच पत्रं आली. मला आश्चर्य वाटलं नाही. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे आंबा उतरवायचे दिवस आणि चाकरमान्यांनी मोटरसायकली घेऊन गावी यायचे दिवस. रत्नागिरीत कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मी बत्तीस वर्षं हा हंगाम पाहते आहे. आधी पडल्याची बातमी येते, मग काळेनिळे डोळे घेऊन माणूस येतो, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस दारात उभा राहून म्हणतो, ‘बाई, सर्दी जात नाही.’ म्हणून या वेळी बाकीची पत्रं मागे ठेवते आणि सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : माझे यजमान ३८ वर्षांचे आहेत. चैत्रात आंब्याच्या कलमावर चढले असताना फांदी मोडून साधारण पंधरा फुटांवरून पडले. थोडा वेळ शुद्ध नव्हती. दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालं होतं. जिल्ह्याला नेलं, तिथे सीटी स्कॅन झाला. ‘कवटीच्या तळाला बारीक चीर आहे, आत रक्त साचलेलं नाही’ असं सांगून पाच दिवसांनी घरी सोडलं. बाराव्या दिवशी पडवीत वाकून आंब्याच्या पेट्या भरत होते, तर उजव्या नाकातून पाण्याची धार लागली. चव खारट होती म्हणतात. गावातल्या डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या, सासूबाईंनी नाकात कोमट खोबरेल सोडलं. चार दिवसांनी पाणी थांबलं. मुंबईचे दीर म्हणतात ऑपरेशन लागेल. सासूबाई म्हणतात, थांबलंय ना, मग हंगाम संपू दे. खरंच डोकं उघडतात का? आम्ही काय करावं?
— एक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : ताई, हंगाम संपायची वाट पाहू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, म्हणून आज काय करायचं ते आधी सांगते. जिथे मेंदूचे सर्जन आणि दुर्बिणीतून नाकाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन दोघंही आहेत अशा रुग्णालयात त्यांना याच आठवड्यात न्या. तुमच्याकडून गोव्यात बांबोळीला जा, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. दीर मुंबईत आहेत तर मुंबईलाही चालेल. जाताना पहिल्या सीटी स्कॅनची फिल्म किंवा सीडी बरोबर घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही, सर्जनला चीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते. आणि या मधल्या दिवसांत ताप, जोराची डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणं, मान पुढे न वाकणं, बोलताना भरकटणं किंवा झापड, यांतलं एक जरी दिसलं तरी आठवड्याचा विचार सोडा आणि त्याच क्षणी १०८ ला फोन करा.

आता हे पाणी कुठलं ते सांगते. आपला मेंदू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. कोणत्याही क्षणी हा द्रव साधारण दीडशे मिलिलिटर असतो, म्हणजे छोटा पेलाभर. पण दिवसाकाठी शरीर जवळजवळ अर्धा लिटर नवा तयार करतं आणि जुना रक्तात शोषून घेतं. हा द्रव आणि मेंदू ज्या पिशवीत असतात, तिचं सगळ्यात बाहेरचं जाड, चिवट आवरण म्हणजे ड्युरा. कवटीच्या माथ्यावर तो हाडाला सैलसर असतो. कवटीच्या तळाला मात्र, विशेषतः नाकाच्या छताला, तो हाडाला घट्ट चिकटलेला असतो. आणि तिथलं हाड इतकं पातळ असतं की सुकलेली कवटी उजेडासमोर धरली तर पलीकडचा प्रकाश दिसतो. वासाच्या नसा खाली उतरायला त्यात चाळणीसारखी भोकं असतात. डोक्याला मोठा हिसका बसला की हे हाड तडकतं आणि चिकटलेला ड्युरा त्याच्याबरोबर फाटतो. मग वरचा द्रव खाली नाकात उतरायला लागतो. यजमान वाकले तेव्हाच धार लागली, कारण आत साठलेलं पाणी वाकल्यावर एकदम पुढे येतं. एकाच नाकपुडीतून येणं, पाण्यासारखं पातळ असणं, घशात खारट चव लागणं, हे सगळं तुम्ही नीट लिहिलंत. सर्दी अशी वाहत नाही. सर्दीचा शेंबूड रुमालावर वाळला की रुमाल कडक होतो, हे पाणी वाळलं तर कापड मऊच राहतं. खात्रीच्या तपासणीची जागा रुमाल घेऊ शकत नाही, पण संशय घ्यायला पुरेसा आहे.

‘थांबलंय ना’ या शब्दांना मी फार घाबरते. त्याचं कारण सांगते.

१९९६ साली आमच्या किनाऱ्यावरच्या एका खारवी कुटुंबातला तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. महिन्यापूर्वी घाटात मोटरसायकलवरून पडला होता. नाकातून पाणी यायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा यायचं. पावसाळा तोंडावर होता. मी नाकात बत्ती टाकून पाहिलं, अॅलर्जी म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. ‘कुठे पडला होतास का?’ हा प्रश्न मी विचारला नाही. पंधरा दिवसांनी पाणी पूर्ण थांबलं म्हणून त्याची आई ओंजळभर फुलं घेऊन मला सांगायला आली. त्यानंतर आठवड्याच्या आत तो तापाने बेशुद्ध झाला. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग. मुंबईला नेला, जीव वाचला, पण डाव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून नाक वाहणाऱ्या प्रत्येक माणसाला मी तो न विचारलेला प्रश्न विचारते.

त्याचं पाणी थांबलं होतं, पण फट बुजली नव्हती. अशा वेळी रक्ताची गुठळी, सुजलेला मेंदू किंवा नाकाचं पातळ अस्तर भोकावर बसतं आणि गळती थांबते. ड्युरा मात्र कातडीसारखा सहज सांधला जात नाही. सूज उतरली, गुठळी विरघळली की वाट पुन्हा मोकळी होते. कधी काही दिवसांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा. नाकात नेहमी जंतू असतात आणि पाणी खाली यायला जी वाट आहे, तीच त्यांना वर जायला असते. त्यातल्या न्यूमोकोकस नावाच्या जंतूची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. म्हणून यजमानांना न्यूमोकोकलची लस द्यावी का, हे त्या रुग्णालयात आवर्जून विचारा. अशा गळतीच्या रुग्णांना ती देण्याची शिफारस आहे.

तुम्हाला उगाच घाबरवायचं नाही. मार लागल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेली गळती बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांच्या विश्रांतीने कायमची थांबते. डोकं उशाला उंच ठेवायचं, शिंकरायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, वजन उचलायचं नाही, इतकंच. अशा रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. पण गळती थांबतच नसेल, थांबून पुन्हा येत असेल, मेनिंजायटिस होऊन गेला असेल किंवा स्कॅनमध्ये भोक मोठं असून मेंदूचा भाग त्यातून खाली लोंबत असेल, तर दुरुस्ती करावी लागते. तुमच्या यजमानांची गळती बाराव्या दिवशी सुरू झाली. उशिरा सुरू झालेली गळती आपोआप कायमची बुजण्याची शक्यता कमी असते. पत्रावरून निर्णय देणं चुकीचं होईल, पण माझा कल विचाराल तर तो दिरांच्या बाजूचा आहे.

रुग्णालयात आधी त्या पाण्याची ओळख पटवतील. पुन्हा गळलं तर वाकून, हनुवटी छातीला लावून, स्वच्छ छोट्या बाटलीत थेंब जमवा. मिलिलिटरभर पुरे. त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन शोधतात. ते मेंदूभोवतीच्या द्रवात असतं. शेंबडात आणि अश्रूंत नसतं. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे उत्तर यायला काही दिवस लागतात. त्याबरोबर अगदी पातळ कापांचा सीटी स्कॅन करतात, म्हणजे हाडातली केसाएवढी चीर दिसते, आणि एमआरआयमध्ये पाण्याची वाट दिसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डोकं उघडतात का? बहुतेक वेळा नाही.

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत शिकत होते तेव्हा उघडायचे. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून काप, कपाळाचं हाड बाजूला, मेंदू अलगद वर उचलून खालची फट शोधायची. ती रीत अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी या सर्जनने १९२६ साली दाखवून दिली. त्यांनी रुग्णाच्या मांडीतला चिवट पडदा काढून फाटलेल्या जागी लावला होता. माणसं बरी व्हायची, पण वास बहुधा जायचा, कारण मेंदू उचलताना वासाच्या नसा तुटतात. पुढे १९८१ साली जर्मनीतल्या विगांड यांनी नाकातून एन्डोस्कोप, म्हणजे बारीक दुर्बीण, घालून अशी फट बुजवल्याचं नोंदवलं, आणि मग सगळं हळूहळू पालटलं. आज जागा नाकाच्या छतात असेल तर बाहेर एकही टाका पडत नाही. मार खूप मोठा असेल, कपाळाचं हाड चुरडलं असेल, आत रक्त साचलं असेल किंवा फट नाकातून पोचण्यापलीकडे असेल, तर मात्र वरून उघडणं अजूनही योग्य ठरतं.

नाकातून आत गेल्यावर ते करतात काय, हे समजून घ्या; मग भीती निम्मी होईल. भूल दिलेली असते. फट नेमकी सापडावी म्हणून काही ठिकाणी पाठीच्या कण्यातून फ्लुरोसिन नावाचा रंग अगदी थोड्या मात्रेत सोडतात, म्हणजे गळणारं पाणी हिरवट-पिवळं चमकतं. मग भोकाच्या कडेचं नाकाचं अस्तर खरवडून काढतात. या पायरीवर मी नेहमी जोर देते. ओल्या, गुळगुळीत कडेवर ठिगळ चिकटत नाही. उघड्या हाडावर ते धरतं.

त्यानंतर ठिगळ. तुम्ही किनाऱ्याकडच्या आहात, होडीची दुरुस्ती पाहिली असेल. सुतार फळ्यांच्या सांध्यात बाहेरून कापूस ठासतो, कारण पाणी बाहेरून आत दाबत असतं. डोक्यात उलटं आहे. दाब आतून बाहेर येतो. म्हणून पहिलं ठिगळ भोकातून आत सरकवून हाडाच्या वरच्या अंगाला पसरतात, म्हणजे वरच्या द्रवाचाच दाब ते भोकावर घट्ट बसवतो. ठिगळ रुग्णाच्याच शरीराचं असतं : मांडीतला पडदा किंवा पोटावरची थोडी चरबी, गरज पडली तर नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेचा तुकडा. खालून दुसरा थर, त्यावर रक्तातल्या गोठणाऱ्या प्रथिनापासून केलेला गोंद, आणि सगळ्याला टेकण म्हणून काही दिवस नाकात भरण. भोक मोठं असेल तर नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून वर वळवतात. २००६ साली अर्जेंटिनातल्या दोन सर्जनांच्या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली. वाहतं रक्त असलेलं ठिगळ लवकर मुरतं. एवढ्या साध्या गोष्टीने मोठ्या भोकांचं काम किती सोपं केलं हे पाहिलं की मला अजून भरून येतं.

यश किती? अनुभवी हातात पहिल्याच वेळी साधारण दहांतले नऊ रुग्ण कोरडे होतात. उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या वेळी. काहींना कमरेतून बारीक नळी घालून काही दिवस थोडं थोडं पाणी काढतात, म्हणजे वरचा दाब कमी राहतो. ती नळी उघड-बंद फक्त नर्सनेच करायची. पाणी घाईने जास्त निघालं तर आत हवा खेचली जाते. बाजूला बसलेल्या नातेवाइकांनी बाटली वर-खाली करू नये.

नंतरचे सहा आठवडे मात्र तुमच्या घराचे आहेत. शिंक आली तर तोंड उघडून शिंकू द्या. नाक दाबून शिंक अडवली की तो सगळा दाब ठिगळावर जातो. नाक शिंकरायचं नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, त्याचं औषध मागून घ्या. पेटी उचलायची नाही, रापणीच्या जाळ्याला हात लावायचा नाही, विहिरीवरून कळशी आणायची नाही. जलनेती, नस्य, वाफेसाठी तोंड खाली घालून बसणं, तपकीर, सगळं बंद. कलमावर पुन्हा कधी चढायचं ते सर्जन सांगतील. या वर्षी आंबे उतरवायचा झेला दुसऱ्याच्या हातात द्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तेल त्यांनी मायेनेच घातलं. माझी आजीही आमच्या नाकात घालायची. पण पडलेल्या माणसाच्या नाकात तेल, तूप, औषध, कापूस, काहीही जाता कामा नये. वर वाट मोकळी असू शकते.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा माळ्यावरून पडला. कानामागे निळसर डाग आला. नाकातून पाणी येतं म्हणून नेलं, तर डॉक्टर नाक सोडून कानच तपासत बसले. ऐकण्याची चाचणीही केली. नाक गळतंय आणि कान का बघतात?
— एक वडील, लांजा

उत्तर : दादा, तुमचं घर कौलारू असेल तर उत्तर तुमच्या डोक्यावर आहे. कौल फुटतं कोपऱ्यात, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि गळतं माजघरात. माजघरावरचं कौल कितीही वेळा बदललं तरी गळती थांबत नाही. कानाचं हाड कवटीच्या तळातच बसवलेलं आहे. ते तडकून तिथला ड्युरा फाटला की पाणी मधल्या कानात उतरतं. पडदा फाटला असेल तर ते कानातून बाहेर येतं. पडदा शाबूत असेल तर बाहेर यायला वाट नसते, मग ते कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतून मागच्या बाजूने नाकात येतं. कानामागचा निळा डाग ही त्या हाडाच्या फ्रॅक्चरची ओळखीची खूण आहे. तुमच्या डॉक्टरांनी योग्य जागी पाहिलं.

कानाच्या हाडातली गळती नाकाच्या छतातल्या गळतीपेक्षा जास्त वेळा आपोआप थांबते, बहुतेक आठवडा-दहा दिवसांत. मुलाच्या चेहऱ्याची एक बाजू हलते का, दोन्ही डोळे नीट मिटतात का, हे रोज पाहा, कारण चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. फरक दिसला तर त्याच दिवशी दाखवा. ऐकण्याची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. कानात थेंब घालू नका, पाणी जाऊ देऊ नका, आणि मे महिना असला तरी या सुट्टीत तळीत पोहणं नाही. लसीकरणाचं कार्ड काढून न्यूमोकोकलची लस पूर्ण झाली आहे का तेही बघा. सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे त्याच्या वयाच्या काही मुलांची राहून गेलेली असते.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला नाकातून नळी घालायची नाही असं आम्हाला शिकवलं, पण कारण सांगितलं नाही. आणि गॉजवर रक्ताभोवती फिकट कडं दिसलं की मेंदूचं पाणी समजायचं, हे खरं का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बाळ, कारण ऐकशील तर जन्मात विसरणार नाहीस. नाकाच्या छतातलं हाड मोडलेलं असताना नाकातून घातलेली पोटाची नळी घशात उतरण्याऐवजी त्या फटीतून थेट मेंदूत शिरल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, एक्स-रेच्या चित्रांसकट. म्हणून तळाच्या फ्रॅक्चरचा संशय जरी असला, डोळ्यांभोवती काळं, कानामागे निळं, नाका-कानातून रक्तमिश्रित पाणी असं काही जरी दिसलं, तरी नळी तोंडातून घालायची. श्वासासाठीची नाकातली नळीही नाही. नाकात भरणही कोंबायचं नाही. बाहेर नुसतं गॉज ठेवायचं आणि भिजलं की बदलायचं. ऑपरेशन झालेल्या रुग्णाला मास्कने जोरात हवा देणंही टाळतात, कारण ती हवा ठिगळाखालून आत जाऊ शकते. मात्र श्वासच थांबला असेल तर जीव वाचवणं आधी. तिथे थांबायचं नाही.

कड्याचं म्हणशील तर ते अर्धं खरं आहे. रक्तात मेंदूचं पाणी मिसळलं की कडं दिसतं. पण सलाइन, अश्रू किंवा लाळ मिसळली तरी दिसतं. साखर मोजायच्या पट्टीवर तर मुळीच विसंबू नकोस, नाकाच्या पाण्यात आणि अश्रूंतही साखर सापडते. तुला करता येण्यासारखी आणि खरोखर उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. कोणत्या नाकपुडीतून, किती वाजता, झोपलेला असताना की उठून बसल्यावर, हे चार्टवर लिहून ठेव, आणि थेंब बाटलीत जमवून वर नाव घाल. रात्रपाळीच्या एका नर्सच्या अशा नोंदीवरून माझ्या दोन रुग्णांची गळती सापडली आहे.

आणखी एक सांगते, कारण हे तुला वॉर्डात लोक विचारतील. ‘मेंदूत जंतू जाऊ नयेत म्हणून अँटिबायोटिक का देत नाही?’ जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात, नुसत्या फ्रॅक्चरनंतर आधीच अँटिबायोटिक दिल्याने मेनिंजायटिस टळतो असा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी ते सरसकट देत नाहीत. ताप आला, मान ताठली, तर मात्र तासाचाही उशीर नको.

प्रश्न : मालवाहू जहाजावर नोकरी करतो. तीन महिन्यांपूर्वी नाकातून अशीच दुरुस्ती झाली. नाक कोरडं आहे. कंपनी विमानाने सिंगापूरला बोलावते आहे. जाऊ का?
— एक खलाशी, गुहागर तालुका

उत्तर : सर्जनला विचारून, ताजा स्कॅन करून जा. विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब उतरतो आणि बंद पोकळीतली हवा पाव ते एक तृतीयांशाने फुगते. कवटीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर ते धोक्याचं. तीन महिन्यांनी बहुतेकांची हवा शोषली गेलेली असते, पण अंदाजावर जाऊ नका. मला विमानापेक्षा समुद्राची काळजी जास्त वाटते, कारण मधल्या समुद्रात ताप आला तर डॉक्टर कितीतरी दिवस दूर असतो. ऑपरेशनची माहिती आणि मेनिंजायटिसची लक्षणं असलेलं पत्र कप्तानाकडे देऊन ठेवा. घोरण्यासाठी रात्री मास्कचं मशीन लावत असाल तर ते सर्जनला सांगितल्याशिवाय सुरू करू नका. पाण्याखाली सूर मारणं तूर्त विसरा.

प्रश्न : वय ६७. दोन वर्षांपूर्वी एसटीतून उतरताना पडलो, डोकं उघडून ऑपरेशन झालं, पाणी थांबलं. पण वास गेला तो गेलाच. आंब्याची अढी घातलेल्या खोलीत उभा राहतो तरी काही कळत नाही. कोणाला सांगितलं तर म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे. परत येईल का?
— एक आजोबा, मालवण

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अढीच्या खोलीत उभं राहून काही न कळणं ही लहान गोष्ट नाही, आणि कोणी ती लहान म्हणू नये.

खरं सांगते. मार लागतानाच त्या चाळणीतून जाणाऱ्या बारीक नसा तुटलेल्या असू शकतात, आणि वरून केलेल्या ऑपरेशनमध्ये उरलेल्या जातात. मारानंतर वास परत येणाऱ्यांची संख्या थोडी, आणि ज्यांना येतो त्यांना बहुतेक पहिल्या वर्षात. दोन वर्षांनी आशा फार कमी आहे. तरी एक साधा प्रयत्न करून पाहा : लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, चार छोट्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा मंद वास वीस-वीस सेकंद, तो वास मनात आठवत घ्यायचा. चार-सहा महिने. आता दुरुस्ती पक्की झालेली आहे, हळू हुंगायला हरकत नाही. फायदा झाला नाही तर मन मोडून घेऊ नका. ज्यांचा वास मारामुळे गेला त्यांना याचा उपयोग कमी वेळा होतो.

जेवणात चव उरावी म्हणून जे जिभेला थेट कळतं ते वाढवा. आंबट, तिखट, खारट जिभेचं असतं, ते तुमचं गेलेलं नाही. सोलकढीत कोकमाचं आगळ थोडं जास्त घाला, माशाला तिरफळं टाका, त्यांची जिभेवरची झिणझिण तुम्हाला कळेल. कुरकुरीत आणि मऊ एकत्र वाढायला सांगा.

आणि घरात दोन गोष्टी आजच करा. गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र स्वयंपाकघरात बसवा, सिलिंडर जमिनीवर असतो म्हणून ते खालीच लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. एकटे असाल तेव्हा रेग्युलेटर बंद ठेवा. दुसरं मासळीचं. बांगडा हुंगून घ्यायची सवय सोडा. कल्ले उघडून लाल आहेत का पाहा, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का पाहा, बोटाने दाबून खड्डा भरतो का पाहा. शंका वाटली तर सुनेला हुंगायला सांगा.